उजवं-डावं

डिसेंबरात आमच्याकडे ऊन शिजतं.
तरी बोइकान्यो आली ती चामड्याच्या जाकिटातच,
खांद्यापासून कोपरापर्यंत खिळे,
दवाखान्यातली रात्रपाळी उरकून थेट,
बुटांवर लेत्लाकानेची पांढरी धूळ.
"आधी पाणी," म्हणाली, "मग भांडण."

दरवर्षी नाताळानंतरच्या शनिवारी
मामाच्या गुरांच्या तळावर
आम्ही चौघं वर्षभराच्या मेटलचं उजवं-डावं करतो.
दहा अल्बम. नऊ नाही, अकरा नाही.
यादी पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर, कोळशाने,
कारण पहिल्या वर्षी कागद नव्हता
आणि आता कागद आणला तर ओतेंग रुसतो.

ओतेंग गुरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचतो.
संगीतही तसंच तपासतो,
शेपूट उचलून, दात मोजून.
हरणाच्या कवटीचं चित्र असलेला तो पोलंडचा अल्बम
त्यानं एका वाक्यात नवव्या खुंटीला बांधला:
"ड्रम आहेत का पत्र्याचा डबा?"

बोइकान्योच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.
"रात्री तीनला वॉर्डात कुणी गेलं
की मी औषधांच्या खोलीत तोच ऐकते, एका कानात.
तुला डबा ऐकू येतो.
मला दार ऐकू येतं,
लोखंडी,
कुणीतरी आतून लावून घेतलेलं."
ओतेंगनं ९ पुसला, ४ लिहिला,
आणि तिची पाठ वळताच
४ चा ५ केला.

स्पीकर गाडीच्या बॅटरीवर.
ब्राझीलच्या पोरांचा अल्बम लागला, नुसता वेग,
श्वास घ्यायलाही कुणी थांबत नाही,
तेव्हा तांबडी गाय मान वर करून जवळ आली,
मागोमाग दोन कालवडी.
"झालं," मी म्हणालो, "पहिला नंबर ठरला."
मोपानेच्या सावलीतून मामा म्हणाला,
"तिथं मिठाची वडी आहे, भाच्या."

मोलोकी आल्याचं सरबत पीत गप्प होता.
त्याचा पहिला नंबर आम्ही हसण्यावारी नेला होता:
माउनच्या पोरांचा, रिकाम्या पाण्याच्या टाकीत
रेकॉर्ड केलेला, आणि गायकाला सर्दी.
त्यानं तोच परत लावला.
तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर
बॅटरीनं मान टाकली.

एवढी शांतता, की गुरांचं रवंथ ऐकू यावं.

"शेवटच्या पाळीला हाच चालू होता," मोलोकी म्हणाला.
"खाणीच्या तळातून डंपर वर यायला बावीस मिनिटं.
अल्बम छत्तीसचा.
उरलेली चौदा मिनिटं
मी इंजिन बंद करून आत बसलो.
मग किल्ली देऊन आलो."

शेवटची? आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.
नोव्हेंबरातच झालं होतं, म्हणे.
ओतेंग कोळसा बोटांत फिरवत राहिला.
मी पोत्यावर रिकाम्या राहिलेल्या पहिल्या जागेकडे पाहिलं
आणि मला वाटलं, देऊन टाकावी,
काय जातं आपलं, पोतंच तर आहे.

बोइकान्यो म्हणाली, "तरी सातवा."

मोलोकीनं तिच्याकडे बघितलं.
खूप वेळानं
त्याचे खांदे हलायला लागले,
आधी वाटलं रडतोय.
"सहावा," तो म्हणाला.
"सातवा. सर्दी आहे त्याला."
कोळसा त्यानंच मागून घेतला,
आणि ७ काढला तो केवढा,
की आठव्याला जागाच उरली नाही.

बाकीची रात्र बादल्यांवर.
ओतेंगनं तोंडानं दोन गिटार वाजवल्या,
मामा दोनदा ओरडला, एकदा तालात.
पहिला नंबर कुणाला दिला ते आठवत नाही,
पोत्याचा तो कोपरा सकाळी वासरानं चघळलेला.

उजाडताच गाडी ढकलायला लागलो,
वाळूत घोट्यापर्यंत,
मी स्टिअरिंगवर, तिघं मागं.
इंजिन खाकरलं, शिंकलं,
नाक चोंदल्यासारखं घुं करून गेलं.
"बघा!" मागून मोलोकी ओरडला,
"सहावा!"